टीव्हीची पाठ

धाकटी लेक टीव्हीवर येणार, ही बातमी आप्पांपर्यंत पोचली ती अर्धीच. फोन त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, घेतला होता. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या "हो का", "अगं बाई", "कधी?" असं करत होत्या आणि मधूनच आप्पांकडे बघून मोकळा हात नाचवत होत्या. फोन ठेवल्यावर समोर येऊन बसल्या आणि घडाघडा बोलत सुटल्या. आप्पांच्या हाती त्यातले 'रविवारी', 'टीव्ही' आणि 'मॅच' एवढे शब्द लागले. उरलेलं त्यांनी काकूंच्या चेहऱ्यावरून जुळवलं आणि नेहमीसारखी मान डोलावली.

"छान, छान. फार छान झालं."

मान डोलावण्याची ही कला आप्पांनी बऱ्याच वर्षांत कमावली होती. डब्यांच्या कारखान्यात, पत्र्याची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर त्यांचं उभं आयुष्य गेलं. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं आणि प्रेसने बहिरेपण. अगदी ठार बहिरे नव्हेत. भांडं पडलं तर कळायचं, बेल कळायची. कानात यंत्र घातलं आणि कोणी समोर बसून सावकाश बोललं तर बरंचसं कळायचं. पण टीव्हीचं बोलणं भिंतींवर आपटत त्यांच्यापर्यंत येईतो शब्दांचा पार चिखल झालेला असे. हे आप्पांनी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. ते आवाज वाढवत आणि चित्रावर भागवत. खालच्या मजल्यावर संगीताचे मास्तर राहात. आवाज फारच झाला की ते झाडूच्या दांड्याने छताला ठोकत. ते ठोकणंही आप्पांना ऐकू यायचं नाही, काकूंना यायचं. मग काकू रिमोट उचलत, आणि आप्पा उरलेला कार्यक्रम मुक्याने बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला बाहेर पडले तेव्हा छाती गजभर फुगली होती. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, चौकातल्या बाकावर बसणाऱ्या दोघांना सांगितलं, "रविवारी टीव्ही लावा. आमची धाकटी दिसणार आहे." परत येताना जिन्यात मास्तर भेटले.

"अभिनंदन, आप्पा. काकूंनी सांगितलं." मास्तर त्यांच्याशी नेहमी तोंडासमोर उभं राहून, शब्द सुटा करून बोलत, गाणं शिकवणाऱ्याची सवय.

"या रविवारी वर. सगळे मिळून बघू तिला."

"तिला कुठे बघायचं? कॉमेंट्री करणार ना ती? आपल्याला मैदान दिसणार आणि तिचा आवाज ऐकू येणार."

"हो हो, तेच म्हणतोय मी," आप्पा म्हणाले. पण उरलेल्या पायऱ्या ते सावकाश चढले.

म्हणजे फक्त आवाज. नेमका आवाजच.

धाकटीला बोलण्याचं वेड लहानपणापासूनचं. जेवताना तोंडासमोर चमचा धरून ती सगळ्या घराची कॉमेंट्री करायची, "आप्पांनी पाण्याचा पेला उचलला आहे, आईचं लक्ष नाही, ही फार मोठी संधी." पुढे ती शाळेच्या मैदानावर बोलली, मग जिल्ह्याच्या सामन्यांत, मग रेडिओवर. रेडिओवर तिचा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा आप्पा रेडिओला टेकून बसले होते आणि खरखरीला मान डोलावत होते. त्यांच्या डोक्यात तिचा आवाज अजून चमच्यामागचाच होता, चिमणीसारखा. आता तिशी गाठलेली ती बाई कशी बोलते, हे त्यांना धड माहीतच नव्हतं.

दूध ओट्यावर ठेवून ते बाहेरच्या खोलीत आले आणि टीव्हीसमोर उभे राहिले. कारखान्यात नवं मशीन आलं की बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत, बटणं दाबून बघत. आप्पा आधी मागे जात. मशीनमध्ये काय शिरतं आणि काय बाहेर पडतं ते पाठीकडून कळतं, असं त्यांचं मत होतं. आणि हा टीव्ही घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी त्याची पाठ त्यांनी पाहिली नव्हती. बसवणारा माणूस बसवून गेला, रिमोट काकूंच्या हातात देऊन गेला, संपलं.

टीव्ही बुटक्या कपाटावर, भिंतीला खेटून होता. आप्पांनी दाढीचा आरसा आणला, टॉर्च आणली, गालिच्यावर आडवे झाले आणि आरसा टीव्हीच्या मागे सरकवला. आणि काय सांगावं, आत आख्खी वस्ती होती. एका कडेला खालून वर एकसारखी चपटी भोकं, खाली गोल भोकं, एक बारकं चौकोनी दार, कुठे वायर घुसलेली, कुठे धूळ. प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरं. आप्पा एकेक अक्षर वाचून कागदावर उतरवू लागले. बराच वेळ झाला तरी एकही शब्द लागेना.

काकू चहा घेऊन आल्या. कागद उचलून त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला.

"ही कुठली भाषा?"

"टीव्हीवर लिहिलंय तसं लिहिलंय."

"अहो, आरशात बघून लिहिलंय तुम्ही. उलटं आहे सगळं." मग त्या टीव्हीकडे वळल्या. "आणि आरसा कशाला? टीव्हीच फिरवा ना."

दोघांनी मिळून टीव्ही कपाटावर अलगद फिरवला. पाठ उजेडात आली. काकूंनी आधी फडकं मारलं, मग दोघं खाली बसून वाचू लागले. अँटेनाचं भोक ओळखू आलं, तसलं जुन्या टीव्हीलाही होतं. यूएसबी फोनच्या चार्जरमुळे ओळखीचं. चपट्या भोकांपुढे एचडीएमआय आणि आकडे. पहिल्यात डिश टीव्हीच्या खोक्यातून आलेली वायर बसलेली होती. दुसरी दोन रिकामी.

"म्हणजे चित्र आणि आवाज या वायरीतून येतात," आप्पा म्हणाले. त्यांनी ती उपटली आणि दुसऱ्या भोकात खोचली, बघावं काय होतं म्हणून. काकूंनी पुढे वाकून मालिका चालू असलेल्या पडद्याकडे पाहिलं. पडदा निळा. मधोमध पाटी, 'सिग्नल नाही'.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता रविवारी निळा पडदा बघत बसू."

आप्पांनी रिमोट मागून घेतला आणि ते पडद्यासमोर आले. आजवर त्यांना त्यातली तीनच बटणं ठाऊक होती, चालू-बंद, आवाज आणि चॅनल. आता त्यांनी चष्मा सारखा करून तो वरपासून खालपर्यंत वाचला. 'सोर्स' नावाचं एक बटण होतं. दाबलं. पडद्यावर यादी उमटली, एचडीएमआय एक, दोन, तीन, एव्ही, अँटेना. आप्पांच्या अंगावर काटा आला. ही तर मागच्या भोकांचीच नावं. त्यांनी 'दोन' निवडलं आणि काकूंची मालिका पुन्हा दिसू लागली.

"अगं, त्याला आपण सांगायचं कुठल्या दाराकडे बघ ते," आप्पा म्हणाले. "पाहुणा मागच्या दाराने आला आणि हा पुढचं दार धरून बसला, तर भेट कशी होणार?"

मग त्यांनी वायर तिसऱ्यात घातली, सोर्स बदलला, चित्र आलं. पुन्हा पहिल्यात घातली, चित्र आलं. काकूंनी मालिका चार तुकड्यांत पाहिली, पण कुरकुर केली नाही. असा ताठ कण्याने बसलेला नवरा त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिला होता.

"पण हे सगळं चाललंय कशासाठी?" त्यांनी विचारलं.

आप्पा पाठीवरची धूळ बोटाने पुसत राहिले. "आत येणारं कळलं. आता बाहेर जाणारं शोधायचंय. आवाज बाहेर काढायचाय याच्यातून. कानापर्यंत."

काकू उठल्या. खाली गेल्या आणि मास्तरांना घेऊन आल्या. मास्तरांच्या हातात भलामोठा हेडफोन होता, लांबलचक वायरीचा. त्यांच्याकडे विजेवरचा पियानो होता आणि रियाज ते शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोन लावून करत.

"घ्या," मास्तर म्हणाले. "यात माझाही स्वार्थ आहे. झाडूचा दांडा झिजत आला."

हेडफोनच्या टोकाला बारीक खिळ्यासारखी पिन होती. आप्पांना तसलं भोक पाठीवर लगेच सापडलं, अगदी त्याच मापाचं. पिन टचकन बसली. त्यांनी यंत्रं कानातून काढली, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. काहीच नाही. आवाज वाढवला. तरी नाही. डोळे उघडले तर काकूंनी कानांवर हात ठेवलेले. टीव्ही खोलीभर बोंबलत होता.

मास्तर वाकून बघू लागले. "आप्पा, काय लिहिलंय इथे? 'एव्ही इन'. हे आत घेण्याचं आहे. तुम्ही टीव्हीच्या तोंडाला कान लावायच्या ऐवजी त्याच्या कानाला कान लावलाय."

ही गोष्ट आप्पांना इतकी पटली की ते मोठ्याने हसले. माप सारखं, भोक सारखं, आणि एक आत घेणार तर दुसरं बाहेर सोडणार. प्रेसवर हवेच्या नळ्या अशाच असत आणि नवा कामगार त्या अशाच उलट्या लावी. मग तिघांनी मिळून बाहेर सोडणारं भोक शोधलं. ते पाठीवर नव्हतंच, बाजूच्या कडेला होतं, शेजारी हेडफोनचं इवलंसं चित्र. आप्पांनी पिन खोचली.

आणि एक बाई त्यांच्या दोन्ही कानांत बोलू लागली.

हवामानाच्या बातम्या सांगणारी कुणी बाई होती. तिला आप्पा रोज बघत, हात हलवताना. आता ती सांगत होती की किनाऱ्याकडे वाऱ्याचा जोर वाढेल. 'जोर' मधला 'र' आप्पांना ऐकू आला. 'किनाऱ्याकडे' हा अख्खा शब्द, कुठेही न तुटता, आला. ते उठून उभे राहिले, वायर ताणली गेली, पुन्हा बसले. तिने सांगितलेलं सगळं त्यांनी काकूंना मोठमोठ्याने सांगितलं, वाऱ्यासकट, तापमानासकट.

"मला का सांगताय? मी इथेच आहे," काकू ओठ ठळक हलवत म्हणाल्या. "पण मला काही ऐकू येत नाहीये."

खरंच होतं ते. पिन आत गेली की टीव्हीचं तोंड बंद होत होतं. पिन काढली की खोलीत आवाज, घातली की फक्त आप्पांना. पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

"असू दे," काकू म्हणाल्या. "रविवारी तुम्ही ऐका. मी रेडिओवर ऐकलंय तिला, फोनवर रोज ऐकते."

आप्पांनी हेडफोन काढून मास्तरांच्या हातात दिला. "असं नाही चालायचं. पोर दोघांची आहे."

शनिवारी सकाळी ते एकटेच बाजारातल्या टीव्ही-रेडिओच्या दुकानात गेले. खिशात घडी घातलेला कागद होता, या वेळी सुलट्या अक्षरांचा. काउंटरवरच्या बाईंनी तो वाचला आणि 'ऑप्टिकल' या शब्दाखाली बोट ठेवलं. बारकं चौकोनी दार म्हणजे तेच. त्या म्हणाल्या की तिथून आवाज उजेडाच्या रूपात बाहेर पडतो, आणि टीव्हीचा स्वतःचा स्पीकरही चालू ठेवता येतो. त्यांनी एक बिनवायरीचा हेडफोन काढला, त्याच्यासोबत पेपरवेटएवढी एक काळी बैठक. बैठक टीव्हीला जोडायची, हेडफोन डोक्याला, मधे वायर नाही. एवढं आप्पांना नीट कळलं, कारण बाई समोर उभ्या राहून दाखवत होत्या. मग त्या खोकं बांधायला वळल्या आणि पाठमोऱ्या काहीतरी सांगत राहिल्या. बाहेर रस्त्यावर ट्रक घरघरत होता. आप्पांनी मान डोलावली.

"लक्षात राहील ना?" वळून त्यांनी विचारलं.

"राहील की," आप्पा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या त्याच टीव्हीकडे तोंड करून. चौकोनी दार बोटाने ढकललं तर आत उघडलं, आणि आतून लाल उजेड दिसला. ठिणगीएवढा, पण स्पष्ट. ते काकूंना हाक मारत सुटले. दोघं डोकी जवळ आणून त्या भोकात बघत बसले.

"हा आवाज आहे?" काकूंनी विचारलं.

"हा आवाज आहे."

वायर मात्र काही केल्या बसेना. फिरवून पाहिली, दाबून पाहिली. शेवटी काकूंनी नखाने वायरीच्या टोकावरची पारदर्शक टोपी काढली. ती तिथे आहे हे आप्पांना दिसलंच नव्हतं. मग वायर बसली. रिमोटवरून सेटिंग्ज, त्यात साउंड, त्यात आउटपुट. तिथे 'टीव्ही स्पीकर' आणि 'ऑप्टिकल' दोन्ही मिळून असा एक पर्याय होता. काकूंनी तो निवडला. आप्पा हेडफोन चढवून आधी खोलीभर फिरले, मग स्वयंपाकघरात गेले, मग न्हाणीघरात. बातम्या त्यांच्याबरोबर सगळीकडे आल्या. काकू बाहेर बसून त्याच बातम्या साध्या आवाजात ऐकत होत्या. खाली मास्तरांना काहीही ऐकू येत नव्हतं. ते मुद्दाम वर येऊन तसं सांगून गेले.

त्या दिवशी आप्पांनी सापडेल ते ऐकलं. शेतीच्या सल्ल्यांचा कार्यक्रम ऐकला, साबणाच्या जाहिराती ऐकल्या, एका जुन्या विनोदी नाटकाला इतके हसले की काकू काळजीने बघायला आल्या. विनोद त्यांना ठाऊक असलेले होते, पण मुक्या चित्रात कळले नव्हते.

रविवारी दुपारी मास्तर वर आले. काकूंनी खुर्च्या मांडल्या. मॅचच्या चॅनलवर जाहिराती चालू होत्या आणि आप्पा हेडफोन लावून त्या एकटक बघत होते. जाहिराती संपल्या, हिरवंगार मैदान आलं, माणसांनी गच्च भरलेले स्टँड आले, आणि आप्पांच्या कानात सगळं एकदम विझलं.

त्यांनी हेडफोन काढून बघितला. पुन्हा घातला. बैठकीवरचा दिवा चालू होता. ते टीव्हीमागे गेले. दारात लाल उजेड होता, वायर घट्ट होती. पुढे येऊन पाहिलं तर काकू खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मास्तर हसऱ्या तोंडाने मान हलवत होते. म्हणजे ती बोलू लागली होती.

आप्पांनी चॅनल बदललं, बातम्या ऐकू आल्या. परत मॅच लावली, चिडीचूप. पुन्हा बातम्या, पुन्हा मॅच.

"अहो, काय करताय, ती बोलतेय ना," काकू म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बघून थांबल्या. आप्पांनी यंत्र कानात घातलं.

"मला येत नाहीये," आप्पा म्हणाले. "बाकीचं सगळं येतंय, हेच तेवढं येत नाहीये. आणि त्या दुकानातल्या बाई जाताना काहीतरी सांगत होत्या. ते मला ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली." त्यांनी हेडफोन हातात फिरवला. "मी नेहमीच हलवतो."

"मला माहीत नाही होय?" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं एका घरात राहतेय." आणि उठल्या. आप्पांच्या शर्टाच्या खिशातून दुकानाची पावती काढली, तीवरचा नंबर फिरवला आणि आवाज ऐकू यावा म्हणून फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. लेकीची टीव्हीवरची पहिली मॅच बाहेर चालू होती आणि आई दुसऱ्या कानावर हात दाबून आत उभी होती.

रविवार असूनही दुकान उघडं होतं. काकूंचं बोलणं मास्तर दारातून आप्पांना सांगत राहिले. "बाई म्हणतायत, त्यांनी बजावलं होतं... तुम्ही हो म्हणालात म्हणे... काही चॅनल आवाज वेगळ्या पद्धतीने बांधून पाठवतात, मोठ्या सिनेमागृहासारखा... ती गाठ या हेडफोनला सोडवता येत नाही... तो साधा करून मागायचा टीव्हीकडे."

काकू फोन कानाला लावूनच बाहेर आल्या आणि रिमोट घेतला. सेटिंग्ज. साउंड. पुढे आणखी एक पान, 'प्रगत' नावाचं, जे शनिवारी कोणी उघडलंच नव्हतं. त्यात 'डिजिटल आउटपुट', आणि त्यासमोर 'ऑटो'. मैदानावर कोणीतरी जोरात धावत होतं, पण निम्मा पडदा या पाट्यांनी झाकला होता.

"'ऑटो' काढून काय?" काकूंनी फोनमध्ये विचारलं. "परत सांगा. पी... सी... एम."

मास्तरांनी पडद्यावर बोट ठेवलं. काकूंनी बाण खाली नेला, मधलं बटण दाबलं. आप्पांनी यंत्र काढून हेडफोन कधी चढवला हे त्यांचं त्यांना कळलं नाही.

"...आणि या सगळ्या गोंगाटात एकच माणूस शांत आहे, तो म्हणजे गोलकीपर. हातमोजे असे सरळ करतोय, जणू आता जेवायला बसायचंय."

चिमणीचा आवाज नव्हता तो. भरदार होता, जरा खालच्या पट्टीतला, काकूंच्या आवाजाच्या जवळ जाणारा पण त्याहून घोटीव. वाक्य संपता संपता ती किंचित थांबायची, चेंडूकडे बघून पुढचं उचलायची. आप्पांना तिच्या श्वासाचा आवाज आला. ते उभेच राहिले.

"येतंय?" काकूंनी विचारलं. ते त्यांना ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. त्यांनी मान हलवली, आणि काकूंना फरक समजला. त्यांनी फोनमध्ये "आलं, आलं, बाई, तुमचं भलं होवो" असं म्हटलं आणि खुर्चीत टेकल्या.

मग आप्पा बसले आणि मॅच बघू लागले. आयुष्यभर त्यांनी फुटबॉल बघितला होता, पण हा निराळाच खेळ होता. चेंडू डावीकडे गेला की आवाज चढायचा. खेळाडूंना नावं होती, त्यांचे स्वभाव होते, कोणाचा गुडघा गेल्या वर्षी दुखावला होता. कोपऱ्यातून चेंडू उंच आला तेव्हा धाकटीचं बोलणं लहान लहान होत गेलं, एकेका शब्दावर आलं, आणि मग गोल झाला तेव्हा ती चक्क गप्प बसली. नुसता मैदानाचा गजर वाजू दिला. आप्पांनी घाबरून हेडफोन चाचपला. पण लगेच ती हळूच म्हणाली, "हे असं असतं," आणि मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

"थांबायचं कुठे ते कळतं तिला," मास्तर काकूंना म्हणाले. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी ते वळून, शब्द सुटे करून पुन्हा सांगितलं.

उत्तरार्धात पेनल्टी मागितली गेली आणि पंचांनी दिली नाही. धाकटी म्हणाली की पंचांचं बरोबर आहे, पाय लागलेलाच नाही. आप्पा ताडकन उठले. "लागला होता," ते म्हणाले, इतक्या मोठ्याने की काकूंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

धाकटी सोमवारी दुपारी घरी आली. दारातच तिने बॅग टाकली, आईच्या गळ्यात पडली, मग आप्पांच्या समोर येऊन वाकली आणि ज्या पद्धतीने ती त्यांच्याशी नेहमी बोले तशी, मोठ्याने आणि थोडक्यात, म्हणाली, "आप्पा. बघितलीत. मॅच?"

"बघितली. गोलनंतर गप्प बसलीस ते आवडलं. मला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं. गोलकीपरचे हातमोजे, जेवायला बसायचंय, तेही चांगलं. पण खेळाडू बदलताना घाई करतेस. नाव पूर्ण घ्यावं माणसाचं."

धाकटी वाकलेलीच राहिली. तिने आईकडे बघितलं. काकू हसत होत्या.

"तुम्हाला आईने सांगितलं हे?"

"तिने कशाला सांगायला हवं? तिची सुरुवात तर बिचारीची बुडाली." आप्पांनी तिचा हात धरून तिला टीव्हीजवळ नेलं. "ये, तुला दाखवतो." टीव्ही आता भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवला होता, मागे माणूस शिरेल इतका. "हे बघ, इथून येतं. या तिन्हींतून येऊ शकतं, पण रिमोटवर सांगावं लागतं कुठून ते. हे फसवं आहे, हेडफोनचं वाटतं पण आत घेतं, इथे आपण तोंडघशी पडलो. खरं ते कडेला आहे, पण ते लावलं की तुझी आई बहिरी होते. आणि हे." त्यांनी वायर अलगद काढली. "आत बघ."

धाकटीने वाकून लाल उजेड पाहिला. बराच वेळ ती मागेच होती. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

तीच मॅच संध्याकाळी पुन्हा दाखवत होते. काकूंनी ती पहिल्यापासून लावली आणि कोणी मधे बोलायचं नाही अशी तंबी दिली. मध्यंतरापर्यंत सगळ्यांनी ती पाळली. धाकटी स्वतःचा आवाज ऐकताना उशीत तोंड लपवत होती आणि आप्पा हेडफोन लावून, एकदा ऐकलेलं सगळं पुन्हा नव्याने ऐकत होते. पेनल्टीचा क्षण आला तसे ते पडद्याजवळ जाऊन उभे राहिले.

"हे बघ, डावा पाय. इतकी वर्षं आवाज नव्हता, मी पायच बघत आलोय. आता सांग, लागला की नाही?"

धाकटीही उठून पडद्याजवळ गेली. चित्र सावकाश फिरवून दाखवलं गेलं. तिने डोळे बारीक केले, मग आप्पांचा हेडफोन एका बाजूने उचलला आणि त्यांच्या कानाशी, साध्या आवाजात म्हणाली, "लागला असेल, पण नखभर. त्याला पेनल्टी म्हणत नाहीत, आप्पा."

"नखभर म्हणजे लागलाच की," आप्पा म्हणाले, आणि दोघांचं जे जुंपलं ते मॅच संपली तरी चालूच होतं. काकूंनी शेवटी टीव्ही बंद केला आणि ताटं घेतली.